ज्याची ऑर्डर, त्यालाच दिसावी

मैत्रिणींनो, गेल्या दिवाळीत आमच्या गटाने ऑर्डरची गुगल शीट ग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली. सगळ्यांचे मोबाईल नंबर उघडे पडलेच, वर कुणाच्या तरी बोटाने चकलीची 12 किलोची ओळ पुसली गेली! चूक आमचीच, लिंक देताना ‘एडिटर’ ठेवलं होतं.

यावर कोडिंग न शिकता उपाय आहे. ती शीट ॲपशीटला जोडा. ॲपशीट गुगलचंच, रकाने वाचून ते स्वतःच ॲप मांडून देतं. शीटमध्ये ग्राहकाच्या ईमेलचा रकाना हवा. ॲपमध्ये लॉगिन सक्तीचं करा आणि ‘सिक्युरिटी फिल्टर’ लावा: रकान्यातला ईमेल आणि लॉगिन करणाऱ्याचा ईमेल एकच असेल, तरच ओळ दाखव. नुसता रकाना लपवून भागत नाही बरं का, माहिती फोनपर्यंत पोचतेच. मग गटातल्या दोघींच्या ईमेलने उघडून बघा. एकीला दुसरीची ऑर्डर दिसली, तर लिंक अजिबात पाठवू नका.

करून पाहायला पैसे पडत नाहीत, पण ग्राहकांना रोजच्या वापराला दिलं की माणशी दरमहा पैसे लागतात. म्हणून आधी ठोक माल उचलणाऱ्या दुकानदारांनाच द्या. घरगुती गिऱ्हाईकाला आपला फोनच बरा.