पाटी आपल्या नावाची

पेठेत दुकान मांडणारा मनुष्य दारावर आपल्या नावाची पाटी लावतो. ती पाहून गिऱ्हाइकास दुकान सापडते. परंतु पाटीचे काम तेवढ्यावर संपत नाही. येथे मिळणाऱ्या मालाच्या बऱ्यावाइटाची जबाबदारी कोणी पत्करली आहे, हे ती चारचौघांत सांगत असते. म्हणूनच सचोटीचा व्यापारी एक वेळ तोटा सोशील, पण नावास बट्टा लागू देणार नाही. आज पेठ गावाच्या वेशीपुरती राहिलेली नाही. इंटरनेटच्या द्वारे ती देशोदेशी पसरली आहे, आणि या विस्तीर्ण पेठेतही लहानशा कारागिरास आपल्या नावाची पाटी लावता येते. या पाटीस संकेतस्थळ असे म्हणतात.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी हे गाव लाकडी खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील चितार आळीत लाकडाची रंगीत फळे, भाज्या आणि खेळणी मांडलेली दिसतात. हातांनी रंगविलेला गोल पत्त्यांचा गंजिफा ही तर या गावाची खास कला. सुटीच्या दिवसांत प्रवासी येतात, कौतुकाने खरेदी करतात आणि आपापल्या गावी निघून जातात. पुढे त्यांतील एखाद्या गृहस्थास नातवंडासाठी फळांची आणखी एक टोपली हवीशी वाटते. पण कारागिराचा ठावठिकाणा त्याच्यापाशी नसतो. एकीकडे माल पडून राहतो, दुसरीकडे गिऱ्हाईक हळहळते. समजा, ही ताटातूट मिटविण्यासाठी त्या आळीतील एका कारागिराने संकेतस्थळ उभारण्याचे मनावर घेतले, तर त्यास काय काय करावे लागेल?

संकेतस्थळाची कल्पना प्रथम निघाली, तेव्हा व्यापार कोणाच्या मनातही नव्हता. स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरानजीक सर्न नावाची भौतिकशास्त्राची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथे नाना देशांचे शास्त्रज्ञ काम करीत, आणि एकमेकांची टिपणे मिळविताना त्यांस फार अडचण पडे. टिम बर्नर्स-ली या इंग्रज संगणकतज्ज्ञाने १९८९ साली यावर एक योजना मांडली. निरनिराळ्या संगणकांवरील पाने दुव्यांनी एकमेकांस जोडावी, म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर सहज जाता येईल, असे तिचे स्वरूप होते. जगातील पहिले संकेतस्थळ त्यांच्याच संगणकावर ठेवलेले होते. तो संगणक कोणी चुकून बंद करू नये, म्हणून त्यावर तांबड्या शाईत लिहिलेली सूचना चिकटविलेली असे. पुढे ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने ही विद्या कोणताही मोबदला न घेता सर्वांस खुली केली. या औदार्यामुळेच आज सावंतवाडीच्या कारागिरास संकेतस्थळाच्या मूळ विद्येसाठी कोणास एक पैसाही द्यावा लागत नाही.

त्या तांबड्या अक्षरांतच संकेतस्थळाचे एक मर्म सामावलेले आहे. संकेतस्थळ म्हणजे मजकूर आणि चित्रे यांच्या फायलींचा संग्रह. तो ज्या संगणकावर असतो, त्यास सर्व्हर म्हणतात. सर्व्हर बंद पडला की दुकानाचे दारच लागले! कारागिराच्या घरचा संगणक रात्री बंद होतो. पावसाळ्यात वीजही जाते. म्हणून अहोरात्र चालणाऱ्या सर्व्हरवरील थोडी जागा भाड्याने घेण्याची वहिवाट आहे. या सोयीस होस्टिंग असे नाव आहे. लहान दुकानास प्रारंभी थोडीशी जागा पुरते; गिऱ्हाईक वाढेल तशी ती वाढविता येते.

जागेपाठोपाठ हवे ते नाव. इंटरनेटवरील संगणक एकमेकांस अंकांनी ओळखतात. पण लांबलचक अंक माणसांच्या ध्यानात राहत नाहीत. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली या अंकांना नावांची जोड देणारी व्यवस्था रचली. गिऱ्हाइकाने नाव लिहावे आणि यंत्रांनी त्यावरून अंक शोधून काढावा, अशी ती व्यवस्था आहे. या नावास डोमेन नाव म्हणतात. त्याच्या अखेरीस ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’ यांसारखे शेपूट असते. २०१४ पासून देवनागरी लिपीत ‘डॉट भारत’ हे शेपूट घेण्याचीही सोय झाली आहे.

डोमेन नाव कायमचे विकत मिळत नाही. ठरावीक मुदतीपुरती त्याची नोंद होते आणि मुदत संपण्याआधी ती नवी करावी लागते. मुदत टळली तर थोडा काळ सवलत मिळू शकते. त्यानंतर मात्र ते नाव कोणासही घेता येते. अशा नावाचे मोल किती, हे न्यायालयानेही ओळखले आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीच्या डोमेन नावाशी मिळतेजुळते नाव दुसऱ्या कंपनीने घेतले, तेव्हा तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००४ साली न्यायालयाने सत्यम इन्फोवेच्या बाजूने निर्णय दिला आणि डोमेन नावासही व्यापारचिन्हाप्रमाणे संरक्षण मिळू शकते, हे मान्य केले.

आता आपल्या कारागिराकडे वळू. संकेतस्थळे तयार करून देणारा एक तरुण त्याच्याकडे येतो. काम स्वस्त सांगतो आणि वर म्हणतो, “काका, तुम्ही कशाचीच चिंता करू नका. नाव, जागा, सारे मी माझ्याच खात्यातून घेतो. तुम्ही वर्षाला पैसे तेवढे द्या.”

कारागीर मान डोलावणार, तोच महाविद्यालयात शिकणारी त्याची कन्या विचारते, “दादा, नावाची नोंद कोणाच्या नावे होणार?”

“माझ्या. त्यात काय बिघडते?”

“उद्या तुम्ही हे काम सोडले, किंवा तुमचा मोबाईल क्रमांक बदलला, तर आमचे नाव आम्ही कोणाकडे मागायचे?”

कारागीर क्षणभर विचार करतो. मग शांतपणे म्हणतो, “ही बरोबर बोलते आहे. पाटी तुम्ही रंगवा, मजुरी मी देईन. पण पाटी माझ्या दाराची आहे. नोंद माझ्या नावे, माझ्या पत्त्यावर झाली पाहिजे, आणि परवलीचा शब्दही माझ्याजवळ हवा.” तरुण भला असतो. तो ते मान्य करतो.

कन्येच्या मनातील शंका अनाठायी नव्हती. १९९४ साली निघालेल्या जिओसिटीज नावाच्या सेवेवर असंख्य लोकांनी फुकट जागा घेऊन आपापली पाने मांडली होती. ही सेवा पुढे याहू कंपनीने विकत घेतली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये जपान वगळता अन्यत्र बंद केली. ज्यांनी आपल्या पानांची प्रत राखली होती, त्यांचे काम राहिले. ज्यांनी ती राखली नव्हती, त्यांतील कित्येकांची मेहनत पाण्यात गेली. दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडण्यास हरकत नाही. परंतु मालक दार लावील तेव्हा आपले सामान उचलून नेता आले पाहिजे. ज्याच्या हाती स्वतःचे नाव आणि पानांची ताजी प्रत आहे, तो एक सर्व्हर सोडून दुसऱ्यावर बिऱ्हाड हलवू शकतो. गिऱ्हाइकास मात्र जुन्याच नावाने ते दुकान सापडते.

नाव आणि जागा मिळाली की उरतो तो मजकूर. येथे भपक्यापेक्षा स्पष्टपणा अधिक उपयोगी पडतो. वस्तू कोणत्या लाकडाची, किती लांबरुंद, किंमत किती, टपालखर्च किती, पोचण्यास किती दिवस लागतील आणि वाटेत मोडतोड झाल्यास काय, हे सारे साध्या शब्दांत द्यावे. ‘सुंदर गंजिफा’ एवढेच लिहिल्याने दूरच्या माणसास बोध होत नाही. ‘दशावतारी गंजिफा, पत्ते १२०, दहा अवतारांचे दहा संच, प्रत्येकात बारा पत्ते’ असे लिहिले, म्हणजे वस्तूचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. छायाचित्रे उजेडात काढलेली आणि खरी असावीत. मोठ्या चित्रांच्या फायली लहान करून ठेवाव्यात, नाहीतर पान उघडण्यास वेळ लागतो आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून जाते. पुष्कळ लोक मोबाईलवरच पाने पाहतात. म्हणून लहान पडद्यावर अक्षर नीट वाचता येते की नाही, हेही तपासावे. पान आणि गिऱ्हाईक यांच्यामधील मजकूर सांकेतिक रूपात नेणारे सुरक्षा-प्रमाणपत्रही घ्यावे. ते आज विनामूल्य मिळू शकते.

संकेतस्थळ उभे राहिले म्हणून दुसऱ्या दिवशी दारात रांग लागत नाही. बदललेले भाव वेळेवर लिहावे लागतात, संपलेली वस्तू काढावी लागते, आलेल्या पत्रांस उत्तरे धाडावी लागतात. दाराशी रोज सडा घालावा, तशी ही नित्याची सेवा आहे. तिच्या जोरावर एखाद्या दिवशी नागपूरहून किंवा लंडनहून मागणी येते. कारागिराचा चेहराही न पाहिलेला तो मनुष्य केवळ पानावरील शब्दांवर विसंबून पैसे पाठवितो. त्याच्या हाती पडलेली फळांची टोपली चित्रातल्यासारखीच निघाली, की पाटीवरील नाव खरे ठरले. यंत्र, जागा आणि कारागिरी भाड्याने किंवा मजुरीने मिळतात. नाव आणि शब्द मात्र ज्याचे त्यानेच सांभाळावयाचे असतात.

स्वाध्याय

१. कारागिराच्या घरचा संगणक सर्व्हर म्हणून का उपयोगी पडत नाही?
२. कन्येने विचारलेल्या प्रश्नाचे महत्त्व तुमच्या शब्दांत सांगा.
३. ‘दुसऱ्याच्या ओसरीवर दुकान मांडणे’ या शब्दांतून काय सुचविले आहे?
४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा : नावास बट्टा लागणे, मनावर घेणे, मेहनत पाण्यात जाणे.
५. तुमच्या गावातील एखाद्या कारागिराच्या वस्तूचे वर्णन, दूरच्या गिऱ्हाइकास बोध होईल अशा रीतीने, आठ ओळींत लिहा.