विलंबशुल्क, व्याज आणि मोमिनाची जबाबदारी



कुरआनने व्याज हराम ठरविले त्या काळी अरबस्तानात कर्जवसुलीची एक रीत रूढ होती. मुदत संपली की धनको ऋणकोला विचारी : देणे फेडतोस की वाढवून देतोस? आज कामरगावसारख्या गावांतील घरांतही क्रेडिट कार्ड पोहोचले आहे. त्याच्या बिलावरील ‘किमान देय रक्कम’ हा रकाना तोच जुना प्रश्न सौम्य शब्दांत विचारीत असतो.

हिशेब करून पाहा. कार्डावर 12,000 रुपये थकले आहेत आणि दर दरमहा साडेतीन टक्के आहे, असे धरू. महिन्याचे व्याज 420 रुपये होते आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 75 रुपये 60 पैसे. आपण 600 रुपये भरले, तर मूळ देणे केवळ 104 रुपये 40 पैशांनी घटते. सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत ‘किमान’ भरत राहू, असे म्हणणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये अशा व्याजाला 30 टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 रोजी तो आदेश रद्द केला.

मग कार्ड वापरावे की नाही? व्याजाची अट असलेले कार्ड, मुदतीत पैसे भरण्याचा इरादा असला तरी, घेऊ नये, असा ठराव आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 2000 साली रियाध येथे केला. काही उलमांनी मात्र दर महिन्याला संपूर्ण रक्कम वेळेत भरण्याच्या कडक अटीवर वापरास मुभा दिली आहे. दोन्ही मतांत एक गोष्ट समान आहे : व्याज लागू देणे कोणालाही मान्य नाही. ज्याचे काम डेबिट कार्डाने भागते, त्याने या धोक्यात पडूच नये.

आता वादाचा प्रश्न. सूरह बकरहच्या 279 व्या आयतीचा आशय असा की, तुम्ही कोणावर अन्याय करू नये आणि तुमच्यावरही अन्याय होऊ नये. या शिकवणीला दोन बाजू आहेत.

पहिली बाजू आपल्या हक्काची. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार देय तारखेनंतर तीन दिवसांहून अधिक काळ थकबाकी राहिली, तरच विलंबशुल्क आकारता येते, आणि तेही उरलेल्या रकमेवरच, संपूर्ण बिलावर नव्हे. बिलावर हरकत घेतल्यास बँकेने 30 दिवसांच्या आत पुराव्यासह खुलासा दिला पाहिजे. म्हणून तक्रार तोंडी न करता लेखी करावी आणि तक्रार क्रमांक, पैसे भरल्याची पावती व तारीख जपून ठेवावी. देण्याघेण्याची नोंद लिहून ठेवण्याचा आदेश त्याच सूरहच्या 282 व्या आयतीत आहे. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते.

दुसरी बाजू आपल्या कर्तव्याची. स्वतः केलेली खरेदी ‘मी केलीच नाही’ म्हणून नाकारणे हे खोटे बोलणे आहे आणि दुसऱ्याचा माल हडपणेही. ऐपत असूनही देणे लांबविणे हा जुलूम आहे, असे प्रेषित (स.) यांनी सांगितले आहे. समोर व्याज घेणारी बँक आहे म्हणून मूळ देणे बुडविण्याची मुभा शरीयत देत नाही. ऋणको मृत्यू पावला, तरी वारसांच्या वाटणीआधी त्याचे कर्ज फेडावे लागते.

जे आधीच या फेऱ्यात सापडले आहेत, त्यांनी तौबा करून कार्डावरील नवी खरेदी थांबवावी आणि मूळ रक्कम लवकरात लवकर फेडावी. नातलगांपैकी ज्यांची ऐपत आहे, त्यांनी अशा माणसाला टोमणे न मारता कर्जे हसना, म्हणजे बिनव्याजी कर्ज द्यावे; आणि तो अडचणीत असेल, तर सवड येईपर्यंत थांबावे. 280 व्या आयतीची शिकवण हीच आहे.

अल्लाह तआला आपणा सर्वांना हलाल रोजी देवो आणि कर्जाच्या ओझ्यापासून सुरक्षित ठेवो. आमीन.