वॉकीटॉकीचा रिपीटर : आधी परवाना, मग उंची, शेवटी वॉट

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात असताना वॉकीटॉकीची गरज ती काय, असे कोणीही विचारील. प्रश्न रास्त आहे. पेठेत एक दुकान, गावाबाहेर एक गोदाम आणि दोन टेम्पो, एवढ्या पसाऱ्याला मोबाइल पुरून उरतो. परंतु भिवंडीच्या काल्हेर, पूर्णा, मानकोली या बाजूला ज्यांची तीन-चार गोदामे आहेत, चाळीस-पन्नास हमाल आहेत, रात्रीचे पहारेकरी आहेत, त्यांना मोबाइलने एक गोष्ट साधत नाही. एकाने बोलावे आणि सर्वांनी त्याच क्षणी ऐकावे, ही ती गोष्ट होय. शेडमध्ये आग लागली, गाठींची थप्पी कोसळली, तर एकेकाला नंबर लावत बसण्यास सवड नसते. शिवाय २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत मुंबई परिसरातील मोबाइल सेवा ऐन गरजेच्या वेळी कोलमडली होती, हे पुष्कळांना आठवत असेल. स्वतःच्या बॅटरीवर चालणारा स्वतःचा संच अशा वेळी कामास येतो.

अडचण अशी की, हातातले दोन संच गावात एक-दोन किलोमीटरच्या पुढे एकमेकांना ऐकू येत नाहीत. मध्ये इमारती, पत्र्याच्या शेडी, पाण्याच्या टाक्या येतात. यावर उपाय म्हणजे रिपीटर. मात्र तो घेताना व्यापारी बंधूंचे पैसे ठरावीक दोन-तीन ठिकाणी वाया जातात. ती ठिकाणे कोणती, हे या लेखात पाहू.

रिपीटर म्हणजे काय?

आपल्या बाजारातला दलाल एका व्यापाऱ्याचा भाव ऐकतो व तोच दुसऱ्याला सांगतो. रिपीटरचे काम तेच. उंच जागी बसून तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि ऐकलेले त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर अधिक जोराने बोलतो. हातातले सर्व संच उलटे लावलेले असतात. रिपीटर जिथे ऐकतो तिथे ते बोलतात आणि रिपीटर जिथे बोलतो तिथे ते ऐकतात. म्हणून प्रत्येक रिपीटरला फ्रिक्वेन्सींची जोडी लागते. एका फ्रिक्वेन्सीत हे काम होत नाही.

दलालाला ऐकणे व बोलणे आळीपाळीने करता येते. रिपीटरला दोन्ही एकाच वेळी करावयाचे असते, आणि तेही बहुधा एकाच अँटेनावरून. खरी कारागिरी येथे आहे. २५ वॉटने बोलणारे यंत्र आणि दूरच्या संचाचा क्षीण आवाज, यांच्या ताकदीतला फरक एकावर सोळा शून्ये एवढा प्रचंड असतो. स्वतःच्याच आवाजाने रिपीटरचे कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये डुप्लेक्सर नावाची पेटी बसवितात. तिच्यातील धातूच्या पोकळ नळकांड्या त्या विशिष्ट जोडीसाठी मोजमाप यंत्रावर जुळविलेल्या असतात. जोडी बदलली की डुप्लेक्सर पुन्हा जुळवावा लागतो. फरक मोठा असेल तर तो निरुपयोगी ठरतो.

खरेदीचा पहिला नियम यातूनच निघतो. फ्रिक्वेन्सी मंजूर होईपर्यंत डुप्लेक्सर व अँटेना मागवू नये.

परवाना

बाजारात आणि ऑनलाइन दुकानांत वॉकीटॉकी खेळण्यासारखे विकले गेले आहेत. विकत मिळाले म्हणजे वापरण्यास मोकळीक मिळाली, असा समज करून घेऊ नये. आपल्या देशात बिनतारी संच बाळगण्यावर १९३३ च्या कायद्यापासून बंधन आहे. १९३३ चा हा कायदा आणि १८८५ चा तार कायदा यांच्या जागी दूरसंचार कायदा २०२३ आला असून जून २०२४ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. परवानगीवाचून जाळे उभारणे हा गुन्हा असून त्यास कैदेची तरतूद आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली अशा संचांच्या बेकायदा ऑनलाइन विक्रीवर नोटिसा काढल्या व मार्गदर्शक नियमही जाहीर केले.

तीन गोष्टींचा फरक समजून घ्यावा. पहिली, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीच्या हातातल्या संचांना २०१८ च्या नियमांनी परवान्यातून सूट दिली आहे. एका गोदामाच्या आवारासाठी हे पुरेसे असते. मात्र आपला रिपीटर या सवलतीत बसत नाही. दुसरी, हौशी रेडिओचा म्हणजे हॅमचा परवाना. तो परीक्षा देऊन मिळतो, पण त्यावर धंद्याचे एक वाक्यही बोलता येत नाही. तिसरी, स्वतःच्या कामासाठीचा, ज्याला कॅप्टिव्ह म्हणतात तो परवाना. रिपीटरसाठी हाच हवा.

तो दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड को-ऑर्डिनेशन या शाखेकडून मिळतो. अर्जात धंद्याचे कारण, जागांचे अक्षांश-रेखांश, संचांची संख्या आणि अँटेनाची उंची द्यावी लागते. मनोऱ्याच्या जागेला सॅकफा या समितीची संमती लागते, संचांना सरकारी मान्यता असावी लागते आणि फ्रिक्वेन्सीचे शुल्क नियमित भरावे लागते. नवा कायदा लागू होत असल्याने अर्जाच्या दिवशी कोणते नियम चालू आहेत हे पाहून घ्यावे. ‘कागद नंतर बघू, आधी मशीन लावू’ असे म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याच्याकडून माल घेऊ नये. त्याचा माल विकला जाईल, जबाबदारी आपल्या गळ्यात राहील. एका व्यापाऱ्याला मिळालेल्या परवान्यावर शेजारच्याने भाडे देऊन बोलावे, हेही चालत नाही.

वॉटचा मोह

विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारला जातो, ‘किती वॉटचा?’ हा प्रश्न कापड न पाहता फक्त पन्हा विचारण्यासारखा आहे. या फ्रिक्वेन्सींच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. अँटेनाची जमिनीपासूनची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि ४.१ ने गुणावे. तितक्या किलोमीटरवर तिचे क्षितिज येते. हातातला संच दीड मीटरवर असतो, त्याचे क्षितिज पाच किलोमीटर. पंचवीस मीटर उंचीच्या अँटेनाचे क्षितिज वीस किलोमीटर. दोन्हींची बेरीज पंचवीस. हा मोकळ्या सपाट जमिनीचा हिशेब झाला. दाट वस्तीत याचा तिसरा-चौथा हिस्साच धरून चालावे. तरीही एक-दोन किलोमीटरचे सहा-सात झाले, आणि ते वॉट न वाढविता झाले.

उलट, २५ चे ५० वॉट केले तर ऐकणाऱ्याला फरक जेमतेम जाणवतो. आणखी एक दोष होतो. रिपीटरचा आवाज लांबच्या गोदामापर्यंत पोचतो, पण तेथल्या मुकादमाच्या चार वॉटच्या संचाचे उत्तर रिपीटरपर्यंत येत नाही. तोंड मोठे आणि कान बहिरे, असे ते यंत्र होते. दोन्ही बाजूंना सारखा उपयोग होतो तो उंचीचा, चांगल्या अँटेनाचा आणि चांगल्या केबलीचा.

बसवणी

जागा : गावातली सर्वांत उंच परंतु आपल्या ताब्यातली, किंवा लेखी करार होईल अशी गच्ची निवडावी. अँटेना पाण्याच्या टाकीच्या व लोखंडी कठड्याच्या वर निघाली पाहिजे. दाट वस्तीत आणि इमारतींच्या आत यूएचएफ पट्टा बहुधा बरा पडतो. मोकळ्या शेतशिवारात व्हीएचएफ चांगला.

केबल : येथे सर्वांत जास्त नुकसान होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. यूएचएफवर ३० मीटर केबल धरू. रिपीटरमधून २५ वॉट निघाले. बारीक आरजी-५८ केबल असेल तर अँटेनापर्यंत जेमतेम अडीच वॉट पोचतात. जाड आरजी-२१३ असेल तर आठ-नऊ. अर्ध्या इंची फोम केबल असेल तर अठराच्या आसपास. येणाऱ्या क्षीण आवाजाचेही केबलीत तितकेच नुकसान होते. यंत्रावर पैसे घालून केबलीत काटकसर करणे म्हणजे उंची सूत घेऊन कच्च्या रंगात बुडविणे होय. सांध्यांवर पाणी न शिरणारी पट्टी गुंडाळावी. पहिल्याच पावसात पाणी शिरले की केबल निकामी होते.

वीज कोसळणे : खांबाला, केबलीच्या वरच्या व खालच्या टोकाला आणि यंत्राच्या पेटीला जाड पट्टीने एकाच अर्थिंगला जोडावे. केबल इमारतीत शिरते तेथे वीजरोधक बसवावा. कारखान्याच्या मोटारींचे जुने अर्थिंग आहे तेच चालेल, असे गृहीत धरू नये. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्यावे.

वीजपुरवठा : २५ वॉटचा रिपीटर बोलताना १२ व्होल्टवर सुमारे सहा अँपिअर घेतो, नुसता ऐकताना एकापेक्षा कमी. दिवसाच्या पाचव्या हिश्श्याइतके बोलणे धरले तर सरासरी पावणेदोन अँपिअर पडते. १०० अँपिअर-तासांची बॅटरी अर्धीच वापरावी असे ठरविले तरी एक दिवसाहून अधिक काम चालते. लोडशेडिंगच्या गावात हा हिशेब आधी करावा.

यंत्र : हातातले दोन संच वायरीने जोडून स्वस्तात रिपीटर करून देणारे कारागीर असतात. हातातला संच थोडा वेळ बोलण्यासाठी बनविलेला असतो. सतत बोलू लागला की तापतो व बसतो. अखंड चालण्याच्या क्षमतेचेच यंत्र घ्यावे आणि त्याला हवा लागेल अशा ठिकाणी ठेवावे. कापसाचा फुफाटा जेथे उडतो तेथे त्याचा पंखा महिन्याभरात बुजतो. डिजिटल रिपीटर घेतल्यास एकाच वाटेवर एकाच वेळी दोन निरनिराळी संभाषणे होऊ शकतात. गोदाम व पहारा यांची वाट वेगळी ठेवावयाची असेल तर त्याचा विचार करावा.

पैसे देण्यापूर्वीच्या तीन चाचण्या

१. मीटर लावून अँटेनाकडून परत येणारी ताकद पाहावी. २५ वॉट गेले आणि एक वॉट परत आला तर ठीक. तीन-चार येत असतील तर सांधा, केबल किंवा अँटेना यांत दोष आहे.

२. एका माणसाला सर्वांत दूरच्या गोदामाच्या मागील भिंतीशी उभे करून बोलण्यास सांगावे. रिपीटर चालू होताच त्याचे बोलणे टक्‌-टक्‌ तुटू लागले, तर रिपीटर स्वतःच्याच आवाजाने बहिरा होत आहे. डुप्लेक्सर नीट जुळविल्याशिवाय बिल फेडू नये.

३. प्रत्येक गोदाम, जिना, तळघर आणि फाटक फिरून कोठे ऐकू येते व कोठे नाही, याचा नकाशा करावा व तो भिंतीवर लावावा. आगीच्या वेळी कोणत्या कोपऱ्यातून हाक पोचणार नाही, हे प्रत्येक माणसाला आधीच माहीत असले पाहिजे.

याच वेळी दोन गोष्टी लावून घ्याव्यात. एक, टोन, आवाजाखाली दडलेला हा हलका सूर आपल्या संचांतून गेला तरच रिपीटर उघडतो, परक्या गोंगाटाने नाही. दुसरी, वेळेची मर्यादा. कोणाचे बटण बसताना दाबले गेले तर दोन-तीन मिनिटांनी रिपीटर आपोआप थांबावा. नाही तर एका माणसाच्या खिशातला संच साऱ्या गोदामांचे तोंड बंद करतो.

बोलण्याची शिस्त

यंत्र उत्तम असले तरी बोलणारे शिकविले नाहीत तर पैसे पाण्यात जातात. बटण दाबून क्षणभर थांबावे, मग बोलावे. लगेच बोलल्यास पहिला शब्द गळतो. ‘नको पाठवू’ मधला ‘नको’ गळला तर काय होईल, हे सांगावयास नको. आधी ज्याला बोलावयाचे त्याचे नाव, मग आपले नाव, मग काम, असा क्रम ठेवावा. ऐकणाऱ्याने नुसते ‘हां’ न म्हणता ऐकलेले परत म्हणून दाखवावे.

आकड्यांबाबत विशेष काळजी घ्यावी. आपल्या गोदामांत कोणी मराठी शाळेत शिकलेला, कोणी उर्दू शाळेत, कोणी उत्तर प्रदेशातून आलेला. एकाचा ‘एकोणऐंशी’ दुसऱ्याचा ‘उन्नासी’, आणि घाईत ‘उन्नासी’चा ‘नवासी’ ऐकू येतो. एकोणऐंशी नंबरच्या गाठीऐवजी एकोणनव्वद नंबरची गाठ टेम्पोत चढते व सुरतेला पोचल्यावर ध्यानात येते. म्हणून आकडा सुटा बोलावा : सात-नऊ, आठ-नऊ.

भाव, रोकड आणि ती कोणत्या गाडीतून येणार, हे रेडिओवर कधीही बोलू नये. टोन म्हणजे कुलूप नव्हे. साध्या संचावरचे बोलणे ती फ्रिक्वेन्सी लावून बसलेला कोणीही ऐकू शकतो. भिंतीला कान असतात, येथे तर भिंतही नाही. आणि दिवसातून एकदा, ठरल्या वेळी, प्रत्येक पहारेकऱ्याने आपली हजेरी रेडिओवर द्यावी. संकटाच्या रात्री तोच संच बंद निघू नये, याचा याहून स्वस्त उपाय नाही.

कोणी घेऊ नये

एकाच आवारात काम असेल तर रिपीटर घेऊ नये. सवलतीतले हातसंच पुरेत. माणसे राज्यभर पांगलेली असतील तरी घेऊ नये. त्यांना मोबाइलच बरा. काही किलोमीटरच्या टापूत अनेक ठिकाणी अनेक माणसे असतील आणि त्यांना एकाच वेळी हाक मारण्याची गरज असेल, तरच हा खर्च सत्कारणी लागतो. असा ज्यांचा कारभार आहे त्यांनी पहिली चौकशी यंत्राच्या दुकानात न करता परवान्याच्या कार्यालयात करावी, दुसरी गच्चीच्या मालकाकडे, आणि वॉटची गोष्ट सर्वांत शेवटी काढावी.