धानशेती : निरीक्षण, निवड आणि विवेक

भगवान बुद्धांनी मगधातील बांध घातलेली भातखाचरे पाहून त्याच आकृतीप्रमाणे चीवर शिवता येईल का, असे आनंदाला विचारले, अशी नोंद विनयपिटकात आहे. भिक्खूंच्या अंगावरील चीवरात धानाची शेते अशी कायमची उतरली. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजही धान हेच मुख्य पीक आहे. म्हणून या पिकाच्या सुधारणेचा आणि संरक्षणाचा थोडा विचार येथे करू.

पहिला मुद्दा बियाण्याचा. चंद्रपूर जिल्ह्यातील नागभीड तालुक्यातल्या नांदेड या गावचे दादाजी खोब्रागडे हे अल्पशिक्षित, अल्पभूधारक शेतकरी. 1983 साली ‘पटेल-3’ या वाणाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या जपून ठेवल्या, वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचा नवा वाण सिद्ध केला. त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळावरून त्याला ‘एचएमटी’ हे नाव पडले. पुढे त्यांनी आणखी अनेक वाण निवडले. 2018 साली त्यांचे निधन झाले. त्यांचे बियाणे राज्याबाहेरही पोहोचले. पण त्याचा आर्थिक लाभ त्यांच्या घरापर्यंत फारसा पोहोचला नाही. ज्ञान निर्माण करणाऱ्याला त्याचे श्रेय व मोबदला मिळणे हाही न्यायाचाच प्रश्न आहे.

निवडलेले बी पेरण्यापूर्वी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बुडवावे. तरंगणारे पोचट व रोगट दाणे काढून टाकावेत. तळाचे बी स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन सावलीत वाळवावे.

दुसरा मुद्दा पीकसंरक्षणाचा. खोडकिड्याची अळी खोडात शिरून आतला भाग खाते. पीक वाढीच्या अवस्थेत असेल तर मधला पोंगा सुकतो, त्यास गाभेमर म्हणतात. निसवल्यावर हल्ला झाल्यास लोंबी पांढरी व पोकळ राहते. या किडीची मादी पानांच्या शेंड्याजवळ अंडीपुंज घालते. म्हणून रोवणीपूर्वी पऱ्ह्यांचे शेंडे खुडून नष्ट करावेत. अळी धसकटात दडून राहते. म्हणून कापणी जमिनीलगत करावी व नंतर नांगरट करावी. ट्रायकोग्रामा जापोनिकम या परोपजीवी कीटकाची हेक्टरी 50 हजार अंडी सोडल्यास तो खोडकिड्याच्या अंड्यांतच आपली अंडी घालतो. गाभेमर 5 टक्क्यांवर गेल्यासच फवारणीचा विचार करावा.

तुडतुडे बुंध्याशी बसून रस शोषतात व शेतात जळाल्यासारखे गोल पट्टे पडतात. दाट लावणी, साचलेले पाणी आणि युरियाचा अतिरेक त्यांना पोषक ठरतो. रोवणीत दर दहा ओळींनंतर एक ओळ मोकळी सोडावी. सरसकट फवारणीने मात्र तुडतुडे खाणारे कोळी व मिरिड ढेकूण आधी मरतात आणि कीड अधिक जोमाने परतते. इंडोनेशियाला हा अनुभव मोठ्या प्रमाणावर आला; म्हणून 1986 साली तेथील शासनाने 57 कीटकनाशकांचा भातावरील वापर बंद केला आणि शेतकऱ्यांना शेतातच निरीक्षणाचे शिक्षण दिले.

येथे पंचशीलाचे पालन करणाऱ्यांसमोर एक प्रश्न उभा राहतो : कीड मारणे म्हणजे प्राणिहिंसा नव्हे काय? ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांतील भेद स्पष्ट केला आहे. हा भेद बांधावर उभे राहिल्यावर अगदी व्यावहारिक होतो. न पाहता, शेजाऱ्याने फवारले म्हणून फवारणे ही गरज नव्हे. चूड हलवून तुडतुडे मोजणे, मित्रकीटक ओळखणे आणि नुकसान खरोखर मर्यादेपलीकडे जाते तेव्हाच, तेही अंगरक्षक कपडे व मुखपट्टी वापरून, औषध हाती घेणे हा विवेक होय.

धम्माला ‘एहिपस्सिक’ म्हटले आहे : या आणि स्वतः पाहा. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी या हंगामात आठवड्यातून एकदा मुलांना बांधीत न्यावे, वीस चुडांचे निरीक्षण करवून वहीत नोंद करवावी. नांदेडच्या त्या शेतकऱ्याचे संशोधनही अशाच पाहण्यातून सुरू झाले होते.