गोळी पोलिसांची, तपास कोणाचा?

प्रश्न : ‘चकमकीत आरोपी ठार’ या बातमीखाली ‘चौकशी होणार’ असंही छापून येतं. ती चौकशी पोलीसच करतात का? उद्या आमच्या तालुक्यात असं घडलं तर?
– एक वाचक, देवळी (जि. वर्धा)

उत्तर : पोलीसच करतात, मात्र गोळी झाडणाऱ्यांच्या ठाण्याने ती करायची नाही. मुंबईत १९९५ ते १९९७ मध्ये ९९ चकमकींत १३५ माणसं मेली. त्यावरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०१४ रोजी देशभरासाठी १६ निर्देश दिले. तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, त्यावर देखरेख करणारा अधिकारी चकमकीच्या प्रमुखापेक्षा निदान एका हुद्द्याने वरचा हवा. हत्यारं तपासणीसाठी जमा करायची, दंडाधिकाऱ्यांकडून चौकशी व्हायची, लगेच बढती किंवा शौर्यपदक द्यायचं नाही. यात कसूर झाली असं घरच्यांना वाटलं, तर सत्र न्यायाधीशांकडे तक्रार करता येते. तुमच्यासाठी ते वर्ध्याला.

कागदावर हे चोख आहे. पण मुंबईत वर्सोव्यात ११ नोव्हेंबर २००६ रोजी पोलिसांच्या बनावट चकमकीत मारल्या गेलेल्या लखनभैयाचं प्रकरण पाहा. त्याचा भाऊ वकील होता, म्हणून तो उच्च न्यायालयापर्यंत झगडला. २०१३ मध्ये १३ पोलिसांना जन्मठेप झाली. तेव्हा सुटलेले पोलीस अधिकारी प्रदीप शर्मा यांना उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं ते मार्च २०२४ मध्ये. ज्या शेतमजुराच्या घरात वकील नाही, त्याने कुणाच्या दारात जायचं?

त्या निर्देशांना बरोबर दहा वर्षं झाली त्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, बदलापूरच्या शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गाडीत गोळी लागून मेला. गुन्हा इतका किळसवाणा होता की अनेकांना आनंदच झाला. तो आरोपी पोलिसांच्या ताब्यात होता, म्हणून न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी झाली आणि अहवालात पाच पोलिसांवर ठपका आला. तरीही विशेष पथक नेमण्याचा आदेश एप्रिल २०२५ मध्ये उच्च न्यायालयालाच द्यावा लागला, आणि त्या पथकातही पोलीसच!

इंग्लंडमध्ये पोलिसांच्या गोळीने कुणी मेलं की प्रकरण पोलीस दलाबाहेरच्या स्वतंत्र कार्यालयाकडे जातं. त्याचे तपास अधिकारी स्वतःचे असतात. आपल्याकडे राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, पण चकमकीचा गुन्हेगारी तपास त्याच्या हाती नाही. तो पोलिसांबाहेरच्या यंत्रणेकडे जायला हवा. तुमच्या आमदारांना हे लेखी विचारा.