लॅपटॉप घेताय? आधी काय बदलता येत नाही ते बघा!

ॲडमिशनचे राउंड संपले की आमच्या विंगमध्ये एक ठरलेला प्रश्न येतो. "दादा, ५१२ जीबी घेऊ की एक टीबी?" घरून पैसे एकदाच मिळणार असतात. कुणाच्या बाबांनी त्यासाठी एफडी मोडलेली असते, कुणाचा हप्ता दोन वर्षं चालणार असतो. त्यामुळे विचारणाऱ्याचा जीव टांगणीला लागलेला असतो हे कळतं. पण मी उलटाच प्रश्न विचारतो, "रॅम किती आहे, आणि ती बदलता येते का?" स्टोरेज ही बहुतेक लॅपटॉपमध्ये नंतर सहज बदलता येणारी गोष्ट. आपण घासाघीस करतो तिच्यावर, आणि जी जन्मात बदलता येणार नाही ती रॅम दुकानदार "आठ जीबी बास झाली की!" म्हणत गळ्यात मारून मोकळा होतो.

पूर्वी लॅपटॉपच्या पोटात रॅमचे दोन स्लॉट हमखास असायचे. आता पातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात. स्पेसिफिकेशनमध्ये एलपीडीडीआर-४एक्स किंवा एलपीडीडीआर-५ लिहिलेलं दिसलं, तर रॅम पक्की बसवलेली आहे असंच धरून चाला. नुसतं डीडीआर-४ किंवा डीडीआर-५ असेल तर स्लॉट असण्याची शक्यता चांगली, पण खात्री नाही. काही मॉडेलमध्ये अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि एक स्लॉट मोकळा, असाही संसार असतो. मॅकबुक एअरमध्ये तर रॅम आणि एसएसडी दोन्ही पक्कं, म्हणजे जे घ्याल ते शेवटपर्यंत. (मेकॅनिकलवाल्यांनी लक्षात ठेवा, सॉलिडवर्क्स विंडोजचं आहे, मॅकवर थेट चालत नाही.)

मग खात्री कशी करायची? दुकानदाराला विचारून नाही! लॅपटॉपच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर घ्या, अगदी शेवटच्या अक्षरांसकट, कारण एकाच नावाखाली चार वेगवेगळे बोर्ड विकले जातात. मग त्याचं दुरुस्तीचं मॅन्युअल उतरवून घ्या. डेलचं सर्व्हिस मॅन्युअल, एचपीचं मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड आणि लेनोवोचं हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल फुकट मिळतं. त्यात रॅमचे स्लॉट किती, एसएसडीचे किती, खालचं झाकण कसं उघडतं, सगळं चित्रांसकट असतं. हा अर्ध्या तासाचा अभ्यास आहे, आणि व्हायव्हाला कोणी विचारत नाही तरी करावा असा.

रॅमवर मी एवढा का अडून बसतो, त्याचं गणित बघा. रॅममधून डेटा मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. चांगल्या एसएसडीतून साधारण १०० मायक्रोसेकंद, म्हणजे हजारपट. फिरत्या हार्डडिस्कमधून १० मिलिसेकंदांच्या आसपास, म्हणजे लाखपट! आता समजा, टेबलावरचं पुस्तक उचलायला एक सेकंद लागतो. याच हिशोबाने एसएसडी म्हणजे लायब्ररीत जाऊन पुस्तक आणणं, सतरा मिनिटं. आणि हार्डडिस्क म्हणजे एसटीने गावी जाऊन पुस्तक घेऊन परत येणं, अठ्ठावीस तास. रॅम भरली की विंडोज उरलेला पसारा स्टोरेजवर टाकतं आणि दर वेळी तिथून उचलून आणतं. एसएसडी कितीही भारी असो, लायब्ररीच्या फेऱ्या चुकत नाहीत. अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसकट चालवायचा तर गुगल स्वतःच १६ जीबी रॅम सांगतं. सॉलिडवर्क्सचंही तेच. तेव्हा पक्की रॅम असलेला लॅपटॉप घेत असाल तर १६ च्या खाली नको, मग त्यासाठी स्टोरेज अर्धं घ्यावं लागलं तरी चालेल.

आता स्टोरेज. ५१२ जीबीच्या जागी विंडोज ४७६ दाखवतं म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी १००० च्या पटीने मोजते, विंडोज १०२४ च्या, एवढंच. एनव्हीएमई एसएसडीच घ्या. साटा एसएसडी सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबते, जेन-३ एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते आणि जेन-४ सुमारे ७००० पर्यंत. पण जेन-३ आणि जेन-४ मधला फरक रोजच्या कामात जाणवणं कठीण, त्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नयेत असं माझं मत. सगळ्यात स्वस्त मॉडेलमध्ये 'ईएमएमसी' लिहिलेलं असेल तर मात्र दुकानातून सरळ बाहेर पडा. ती हळू असते आणि वर सोल्डर केलेली.

नंतर एसएसडी टाकायची असेल तर लांबी बघायला विसरू नका. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, २२४२ म्हणजे ४२ लांब. स्लॉट छोटा असेल तर मोठी कांडी बसत नाही. दुसरा स्लॉट मोकळा असला तर सोन्याहून पिवळं, कारण जुनी तशीच ठेवून नवी जोडता येते.

एका गोष्टीत सिनियर लोकांचा जुना सल्ला आता तपासून घ्यायला हवा. "कमी रॅमचा घे, पुढच्या वर्षी स्वस्तात टाक" असं आम्हीही ऐकलं होतं. २०२५ च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांची मागणी एवढी वाढली की रॅम आणि फ्लॅश चिपचे भाव भडकले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये आपला 'क्रुशल' हा सुट्या रॅम-एसएसडीचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणून मॉडेल ठरवाल त्याच दिवशी सुट्या रॅमचा आणि एसएसडीचा भाव काढा. आठ आणि सोळाच्या मॉडेलमधला फरक सुट्या कांडीपेक्षा कमी असेल तर सोळाचंच घ्या. जास्त असेल आणि स्लॉट मोकळा असेल, तर खुशाल थांबा.

झाकण उघडण्याआधी दोन कामं. वॉरंटीच्या अटी वाचा, काही ठिकाणी अपग्रेड त्यांच्याच माणसाकडून करून घ्यावं लागतं. आणि विंडोजमध्ये ड्राइव्ह एन्क्रिप्ट झालेली आहे का ते बघून बिटलॉकरची ४८ आकडी रिकव्हरी की वहीत लिहून ठेवा, कारण ती लॅपटॉपमध्येच सेव्ह केली आणि लॅपटॉपनेच ती मागितली, तर बोंबलायचं! काढलेली एसएसडी टाकून देऊ नका. यूएसबीच्या केसिंगमध्ये बसवली की प्रोजेक्टच्या बॅकअपला ती उत्तम चालते.