साठ्याचे दोन हिशेब

मोंढ्यांतील एखाद्या वखारींत किती माल भरला आहे, हें दोन रीतींनीं कळूं शकतें. दाराशीं पाटी लाविलेली असेल, तर तीवरील एकंदर जागा, व्यापलेली जागा व रिकामी जागा हे तीन आंकडे वाचावे. किंवा धन्याची वही हातीं घेऊन नांवानिशीं एकेक पोतें शोधावें व बेरीज करावी. पाटी क्षणांत वाचून होते; मोजणीस मात्र घाम गाळावा लागतो. दोन्ही हिशेब जुळले तर उत्तमच. न जुळले तर शहाणा मनुष्य कोणावर आळ घेण्यापूर्वीं क्षणभर थांबून कारण शोधतो.

युनिक्स नामक संगणक-प्रणालींत असेच दोन हिशेब आहेत. ही प्रणाली अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं १९६९ मध्यें रचण्यास आरंभ केला. तिच्या ३ नोव्हेंबर १९७१ च्या पहिल्या मार्गदर्शिकेंतच ‘डीएफ’ व ‘डीयू’ या दोन आज्ञा आढळतात. पुढें युनिक्सच्याच धर्तीवर लिनक्स निघालें; त्यांतहि याच आज्ञा चालतात. ‘डीएफ’ ही पाटी वाचते, म्हणजे डिस्कवर किती ठोकळे रिकामे आहेत याची जी नोंद प्रणाली स्वतः ठेविते, ती सांगते. ‘डीयू’ ही वही घेऊन हिंडते. प्रत्येक फोल्डरांत शिरून तेथील फाइलींनीं अडविलेली जागा मोजते.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. मजकूर किती आहे व त्यानें जागा किती अडविली, हे प्रश्न भिन्न आहेत. ‘परभणी’ या शब्दांत प, र, भ, ण व दीर्घ वेलांटी अशीं ५ चिन्हें येतात. यूटीएफ-८ पद्धतींत देवनागरीचें प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतें. म्हणून हा शब्द १५ बाइटांचा झाला. परंतु डिस्कवर जागा ठोकळ्यांनीं दिली जाते आणि ठोकळा बहुधा ४,०९६ बाइटांचा असतो. तेव्हां या एका शब्दाची फाइलहि अख्खा ठोकळा अडविते. अशा १,००० फाइलींत मजकूर अवघा १५,००० बाइटांचा, पण जागा ४०,९६,००० बाइटांची!

आतां अशी कल्पना करा कीं, निकालाच्या आदल्या दिवशीं शाळेच्या संगणकावर ‘जागा शिल्लक नाहीं’ अशी सूचना आली. घाईनें कोणी जुनीं दिसणारीं फोल्डरें पुसून टाकील, आणि त्यांतच मागील वर्षांच्या गुणांच्या नोंदी असतील. युनिक्सच्या आज्ञेनें पुसलेली फाइल केराच्या टोपलींत जात नाहीं. ती बहुधा कायमची जाते. म्हणून क्रम असा ठेवावा. प्रथम ‘डीएफ’ चालवून डिस्कचा कोणता विभाग भरला तें पाहावें. मग त्याच विभागांत ‘डीयू’ चालवून सर्वांत मोठें फोल्डर शोधावें. त्याच्या पोटांतील मोठें, मग त्याच्याहि पोटांतील, असें उतरत जावें. सांपडलेली फाइल कोणाची व कशाची हें विचारावें; तिची प्रत अन्यत्र ठेवावी; आणि मगच पुसावें.

कित्येकदां पाटी व वही यांत तफावत पडते. तिचीं तीन कारणें विशेष प्रसिद्ध आहेत. पहिलें, वहींतून नांव खोडलें तरी मापारी तें पोतें अजून मोजीतच बसला असेल, तर जागा मोकळी होत नाहीं. तद्वत् एखादा कार्यक्रम जी फाइल वापरीत आहे ती पुसली, तर ‘डीयू’स ती दिसेनाशी होते, पण तो कार्यक्रम ती बंद करीपर्यंत ‘डीएफ’ ती जागा व्यापलेलीच धरते. दुसरें, ज्या खोल्यांची किल्ली आपणांपाशीं नाहीं, त्यांतील माल आपल्या मोजणींत येत नाहीं. परवानगी नसलेल्या फोल्डरांविषयीं ‘डीयू’ची हीच स्थिति होते.

तिसरें कारण समजण्यास आपल्या जिल्ह्यांतील जिंतूर तालुक्याचें येलदरी धरण पाहावें. पूर्णा नदीवरील या धरणाची एकंदर क्षमता सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर आहे. पैकीं सुमारे १२५ हा मृत साठा होय. हें पाणी धरणांत असतें, परंतु नित्याच्या वांटपांत धरलें जात नाहीं. लिनक्समधील ‘ईएक्सटी-४’ या रचनेंतहि सामान्यतः ५ टक्के जागा मुख्य व्यवस्थापकासाठीं राखून ठेवितात. यामुळें व्यापलेली व उपलब्ध जागा मिळविली तरी एकंदर जागेचा आंकडा भरत नाहीं. सामान्य वापरणाराची जागा संपली तरी प्रणाली चालविण्यापुरती जागा राहावी, हा त्यांतील हेतु.

आणखी एक अडचण सांगितली पाहिजे. कधीं कधीं ठोकळे भरपूर रिकामे असूनहि नवी फाइल निर्माण होत नाहीं. प्रत्येक फाइलीस ‘आयनोड’ नांवाचें एक खातें लागतें, आणि कित्येक रचनांत या खात्यांची संख्या आरंभींच ठरलेली असते. बारीकसारीक फाइली फार झाल्या कीं खातीं संपतात. वखारींत जागा आहे, पण वहींत पान उरलें नाहीं, असा हा प्रकार! ‘डीएफ’ला ‘आय’ हें अक्षर जोडलें कीं ती खात्यांचा हिशेब देते.

सारांश, ‘डीएफ’ खरी कीं ‘डीयू’ खरी, असा वाद घालण्याचें कारण नाहीं. दोघीहि खरें बोलतात. एक भांड्याविषयीं बोलते, तर दुसरी भांड्यांतील नांवानिशीं ठेविलेल्या वस्तूंविषयीं. त्यांच्यांत अंतर पडलें तर तें अंतरच आपणांस दोष कोठें आहे तें दाखवितें. मोजण्यास थोडा वेळ जातो खरा. पण न मोजतां पुसलेल्या गुणपत्रकास पुनः लिहिण्यास किती काळ लागेल, याचा विद्यार्थ्यांनींच विचार करावा.